विमलताईंचं वजन

अमरावतीच्या होस्टेलमध्ये माझ्या खोलीत राहणारी मुलगी मंगळवारचा उपास करते. त्या दिवशी ती मेसमधून ताटभर साबुदाण्याची उसळ आणते, दुपारी केळी खाते, संध्याकाळी घरून आलेले शेंगदाण्याचे लाडू खाते, आणि झोपताना म्हणते, "आज पोटात काही नाही गं." ती खोटं बोलत नाही. तिला खरंच तसं वाटतं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला हसू यायला हवं होतं. पण मला आमच्या गावच्या विमलताई आठवल्या आणि मी उठून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. त्यांच्याबद्दल लिहावं असं तेव्हापासून मनात आहे. नीट जमेल की नाही, सांगता येत नाही.

आमचं गाव मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. विमलताई तिथल्या अंगणवाडीच्या सेविका आणि माझी आई तिथली मदतनीस. आई पोरांना घरोघरी जाऊन गोळा करायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची. ताई शिकवायच्या आणि पोरांची वजनं करायच्या. मीही त्यांच्याच हाताखाली "एक होती चिऊ" म्हणायला शिकले. माझ्या आईवडिलांपैकी कुणी सातवीच्या पुढे गेलेलं नाही. त्यामुळे मी कॉलेजात गेले तेव्हा ताईंनी अंगणवाडीतल्या सगळ्या पोरांना माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. पोरांना कशासाठी ते कळलं नाही, पण त्यांनी बराच वेळ वाजवल्या.

वजनाच्या दिवशी ताईंना बघायला मजा यायची. छताच्या हुकाला काटा टांगलेला, त्याला कापडाची झोळी. गुबगुबीत पोर झोळीत बसलं की ताई त्याच्या आईला म्हणायच्या, "काय व, नुसती हाडकं राह्यली याची! खाऊ घालत नाई काय?" आणि काडीसारखं पोर आलं की, "बाप्पा! किती जड झाला हा! झोळी फाडतं काय आता?" पहिल्याला नजर लागू नये म्हणून आणि दुसऱ्याची आई खचू नये म्हणून. मग दुसऱ्या दिवशी त्या काडीसारख्या पोराच्या घरी स्वतः जाऊन चुलीपाशी बसायच्या, तो काय खातो ते बघत. लोकांच्या तोंडावर वजनाबद्दल त्या कधी खरं बोलल्या नाहीत. काट्याला मात्र त्या फार मानायच्या.

स्वतः ताई चांगल्या अंगानं भरलेल्या होत्या. त्यांना त्याचं काही वाटत नसे. "मी बसली का पोट्ट्यायले टेकाले जागा होते," असं म्हणायच्या, आणि खरंच दोन-तीन पोरं त्यांच्या मांडीला टेकून झोपलेली असायची. खिचडी पोरांना वाढायच्या आधी सेविकेनं चाखून बघायची असते. ताई चाखायच्या म्हणजे वाटीभर खायच्या. "एका घासात मीठ समजते, शिजली का नाई ते नाई समजत." नंतर पोरांच्या ताटात उरलेलं. लहान पोरं दोन घास खातात आणि पळतात. आई ताटं उचलायला गेली की ताई म्हणायच्या, "थांबा शांताबाई, अन्न हाय ते," आणि उभ्या-उभ्या चार ताटं पुसून खायच्या.

त्यांना एकच भाऊ, अविनाश. माहेर वडनेर भोलजीचं. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा ताई शाळेत होत्या आणि अविनाश त्यांच्या कडेवर. अविनाशमामा मोठा झाल्यावर वडनेरलाच ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करायचा. आम्ही पोरंसोरं त्याला मामाच म्हणायचो. राखीला मोटरसायकलवर यायचा, अंगणवाडीच्या दारात उभा राहून मुद्दाम ओरडायचा, "ताये, माहं वजन कर व!" ताई काठी घेऊन मागे लागायच्या आणि पोरं खिदळायची.

मग एका वर्षी तो राखीला आला तेव्हा त्याच्या पायांना सूज होती. बूट काढले तर मोज्यांचे वळ तसेच राहिले. पुढच्या काही महिन्यांत कळलं की त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. बुलढाण्याला डायलिसिस सुरू झालं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की घरातल्या कुणी किडनी दिली तर बरं. बायकोची जुळली नाही. वडील थकलेले. ताईंची जुळली. पण तपासणी करून डॉक्टर म्हणाले, तुमची किडनी उत्तम आहे, पण एवढ्या वजनावर ऑपरेशन करणं तुमच्याच जिवाला धोक्याचं. सत्तरच्या आत या, मग पुढचं बोलू. ताई तेव्हा नव्वदीला टेकल्या होत्या.

नागपूरहून आल्यावर अंगणवाडीच्या पायरीवर बसून त्या आईला म्हणाल्या, "किडनी चांगली देली देवानं, शांताबाई. पन तिच्यावर हे गाठोडं बांधून ठेवलं."

दुसऱ्या दिवसापासून ताईंनी चहातली साखर सोडली. भात सोडला. पहाटे उठून रोहिणखेडच्या रस्त्यानं चालायला लागल्या, साडीवर, पायात शाळेतल्या पोरांसारखे पांढरे बूट घालून. पहिल्या दिवशी गावातली कुत्री त्यांच्यावर भुंकली. त्या गेल्या बाजूनं. आणि वजन उतरलं. दिसण्याइतकं उतरलं. चेहऱ्याची हाडं वर आली, ब्लाउज सैल झाले. गावानं हे फार मनावर घेतलं. चावडीवरचे म्हातारेही विचारायचे, "बाई, कुठवर आली गाडी?"

त्याच सुमारास ताईंनी नवस केला. मारुतीला. भाऊ बरा होईपर्यंत मंगळवार आणि शनिवार धरायचे. ही गोष्ट त्यांच्या सासूबाईंनी, म्हणजे गावाच्या भाषेत आजींनी, सुचवली. चतुर्थी आणि एकादशी आधीपासून होतीच. आमच्या घरी उपास नाहीत, आम्ही बौद्ध. त्यामुळे मला त्यातलं फार कळत नव्हतं. पण ताईंच्या श्रद्धेबद्दल मला आदर वाटायचा, अजूनही वाटतो.

आणि मग वजन अडलं.

डिजिटल काट्यावर, ज्यावर गरोदर बायांचं वजन करतात, ताई दर सोमवारी पोरं यायच्या आधी उभ्या राहायच्या. एक्याऐंशी. पुढच्या सोमवारी एक्याऐंशी. त्यांनी चपला काढल्या. मग बांगड्या काढल्या. एकदा मंगळसूत्र काढून आईच्या हातात दिलं. एक्याऐंशी. "काटाच बिघडला," असं म्हणून त्यांनी आईला उभं केलं, मला उभं केलं, शेवटी तांदळाचं न फोडलेलं पोतं ठेवून बघितलं. पोत्याचं वजन पोत्यावर छापल्याप्रमाणे आलं. ताई पोत्याकडे बघत राहिल्या. "पोतं खरं बोलते," त्या म्हणाल्या. एवढंच.

त्या आणखी कमी खायला लागल्या. सकाळी अर्धी भाकर, रात्री नुसतं वरणाचं पाणी. चालायच्या दुप्पट. एकदा पोरांना प्रार्थना म्हणवून घेताना त्यांना घेरी आली आणि त्या भिंत धरून खाली बसल्या. पोरांना वाटलं हा नवा खेळ आहे, तीही सगळी भिंत धरून बसली. आईनं पाणी आणलं. ताई घाम पुसत म्हणाल्या, "अविला काल दम लागला म्हने. मशीनवरून उठवला तं उभाच राह्यला नाई. मी इथी एका आकड्यावर बसली, अन् तो तिथी..."

त्या बुलढाण्याला आहार सांगणाऱ्या मॅडमकडे गेल्या तेव्हा मी सोबत होते. कॉलेजात शिकते म्हणजे मला डॉक्टरांचं बोलणं समजेल, असं ताईंना वाटायचं. मॅडम चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, उपाशी राहिलात की शरीर घाबरतं, असेल ते धरून ठेवतं. डाळ खा, मोड आलेली मटकी खा, ताक प्या, पोट भरून खा पण नीट खा. रोज तोच सपाट रस्ता त्याच चालीनं चालता, अंगाला त्याची सवय झाली. चढ चढा. हातात वजन घ्या. खुर्चीवरून उठा-बसा. आणि अंगणवाडीतलं ताट पुसणं बंद. ताई मान डोलवत होत्या. मॅडमनी विचारलं, "आणि उपासाच्या दिवशी काय खाता?"

"उपासाच्या दिवशी काही नाई, मॅडम. त्या दिवशी उपास असते ना."

मॅडमनी पुढे विचारलं नाही. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

गावाला आल्यावर ताईंनी रोहिणखेडचा रस्ता सोडला आणि डोंगराची वाट धरली. पाण्याचे दोन कॅन भरून हातात घ्यायच्या. अंगणवाडीत पोरांना खेळ म्हणून खुर्चीवरून उठा-बसा काढायच्या आणि पोरांना मोजायला लावायच्या. पोरांना एकोणीसच्या पुढे काय येतं ते पक्कं नव्हतं. ती एकोणीसवरून परत बारावर यायची, आणि ताई बिचाऱ्या पोरांचा हिशेब पुरा होईपर्यंत उठत-बसत राहायच्या. "पोट्टेहो, वीस म्हना रे, जीव चालला माह्या!" आई पदरात तोंड घालून हसायची. खिचडीही त्या आता खरंच घासभर चाखायच्या.

थोडं उतरलं. किलो, दीड किलो. मग परत थांबलं.

याच काळात मामा आला होता एकदा, डायलिसिस करून परत जाताना. अंगणवाडीच्या पायरीवर बसला. त्याचा रंग मातीसारखा झाला होता, पण जीभ तीच. म्हणाला, "ताये, मले तुही एक किडनी पाह्यजे व. तू तं सगळीच वाळून राह्यली. बाकीचं कोनाले देतं?" ताई हसल्या. तो गेल्यावर आत जाऊन त्यांनी पोरांची सगळी खेळणी कपाटातून काढली, पुसली आणि परत ठेवली.

वजन का अडलं ते शेवटी सांगितलं माझ्या आईनं. ती हे कसं बोलली याचं मला अजून आश्चर्य वाटतं, कारण आई कुणाला उलटून बोलणारी नाही.

झालं होतं असं. ताईंचा उपास भावासाठी आहे, हे सगळ्या गावाला माहीत होतं. बहिणीनं भावासाठी धरलेला उपास म्हणजे पुण्याचं काम. त्यात आपलाही हात लागावा म्हणून मंगळवारी आणि शनिवारी बाया ताईंसाठी फराळ पाठवायच्या. कुणाकडून तूप सोडलेली साबुदाण्याची उसळ, कुणाकडून भगर आणि शेंगदाण्याची आमटी, कुणाकडून बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू. वाटी परत पाठवली तर बाईचं मन मोडणार, आणि नवसाचं अन्न नाकारणं बरं नाही. ताई प्रत्येक वाटीतलं खायच्या. मन लावून खायच्या, हात जोडून. दुसऱ्या दिवशी त्या वाट्या घासून घरोघरी परत करायचं काम आईचं. रोज कोण काय खातं हे गावात कुणाला दिसत नसेल, पण ज्या बाईला वाट्या घासायच्या असतात तिला दिसतं.

एका बुधवारी, सोमवारची वाट न बघता, ताई काट्यावर चढल्या, उतरल्या आणि तिथेच जमिनीवर बसल्या. आई भांडी घासत होती. ती हात न पुसताच आत आली.

"बाई, मी एक बोलू काय? वाईट नोका मानू."

"बोला."

"तुम्ही उपासाच्या दिवशी जे खाता ना बाई, तेवढं आमी लग्नात खात नाई."

ताईंनी वर बघितलं. आधी त्यांना समजलंच नाही. मग समजलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. त्या म्हणाल्या, "तुमच्यात उपास नसतात, शांताबाई. तुमाले काय समजन?"

आई परत भांड्यांपाशी गेली. घरी आल्यावर तिनं मला हे सांगितलं आणि म्हणाली, "माही चूक झाली काय व?" मी नाही म्हटलं. पण तिला ते पटलं नाही. इतक्या वर्षांत ताई आईला कधी "तुमच्यात" म्हणाल्या नव्हत्या. पुढचे काही दिवस अंगणवाडीत दोघी कामापुरतं बोलल्या. पोरांनाही ते जाणवलं असावं, ती गप्प-गप्प खिचडी खायची.

पुढच्या मंगळवारी दुपारी अंगणवाडी सुटल्यावर ताई आमच्या घरी आल्या. आमच्या घरी त्या आधी कितीदा आल्या होत्या. चहा घ्यायच्या, माझ्या परीक्षेची चौकशी करायच्या. जेवल्या कधी नव्हत्या. त्या आत येऊन चुलीच्या बाजूला भिंतीला टेकून बसल्या. आईनं पाणी दिलं. पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "शांताबाई, काय रांधलं आज?"

"मुगाची डाळ हाय बाई. भाकर. अन् मेथी."

"वाढा."

आई तशीच उभी. "बाई, मंगळवार हाय."

"मले माहीत हाय कोनता वार हाय ते. वाढा."

आईनं ताट वाढलं. ताईंनी भाकरीचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला, आणि तोंडापर्यंत नेऊन थांबल्या. त्या कशाकडे बघत होत्या कोण जाणे. समोर आमची मातीची भिंत होती आणि तिच्यावर बाबासाहेबांची तसबीर. मग त्यांनी घास खाल्ला. रडत खाल्ला, पण सगळी भाकर खाल्ली. ताट धुवायला त्या स्वतः उठल्या, आईनं ते हातातून काढून घेतलं.

जाताना दारात म्हणाल्या, "त्या दिवशी म्या बोलायचं ते बोलली नाई, शांताबाई. नाई बोलायचं ते बोलली."

"जाऊ द्या बाई."

"जाऊ नाई देत. लक्षात राह्यन माह्या."

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शनिवारी त्या आमच्याकडे जेवायच्या. डाळ, भाकर, पाल्याची भाजी, ताक. ज्या बाया फराळ पाठवायच्या त्यांना त्यांनी सांगितलं की डॉक्टरांनी साबुदाणा बंद केला. हे अर्धं खरं होतं. पण लहान गावात ताट झाकून राहत नाही. एका शनिवारी आजी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. ताईंच्या हातात घास होता.

"मारुतीले शब्द देल्ता तुनं," आजी म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. "भाऊ मरनाच्या दारात हाय, अन् तू शब्द मोडून राह्यली. भावाच्या जिवावर उठली काय?"

ताईंनी घास ताटात ठेवला. "आत्या, मी देवाले उपाशी राह्याचा शब्द देल्ता. उपाशी तं मी एक दिवस राह्यली नाई. शब्द तं मी तवाच मोडला, लाडू खाऊन."

"त्याले फराळ म्हनतात."

"काटा नाई म्हनत त्याले फराळ."

आजी निघून गेल्या. त्या वाईट नव्हत्या, हे मला लिहायला हवं. अविनाशमामा आजारी पडल्यापासून त्याही रोज दिवा लावत होत्या. त्यांना खरंच भीती वाटत होती. आणि ती भीती ताईंनाही वाटत होती, बोलायच्या वेगळं एवढंच. आजी गेल्यावर ताईंनी ताट पूर्ण केलं, आणि मग मला विचारलं, "सुजाता, तू कॉलेजात शिकतं. देव असं करते काय व? घास मी खाल्ला अन् भोगन तो, असं असते काय?"

मी बी.ए.ला होते. मी इतिहास आणि मराठी वाचत होते. हा प्रश्न त्यात कुठे नव्हता. मी म्हटलं, "नसेल ताई." त्या म्हणाल्या, "नसेल म्हनतं. नाई म्हन ना." मग मी नाही म्हटलं. माझ्या आवाजावरून त्यांचा विश्वास बसला नसावा.

वजन उतरायला लागलं. पहिल्यासारखं भराभर नाही. आठवड्याला थोडं, कधी काहीच नाही, पण आकडा पुन्हा हलला. ताईंचा आनंद मात्र कुठे दिसत नव्हता. काट्यावरून उतरल्या की पहिला फोन वडनेरला. तिकडून बातमी बरी आली की त्या दिवशी पोरांना गाणी. वाईट आली की त्यांचा चेहरा बघून मला कळायचं, त्या मोडलेले मंगळवार मोजत आहेत. एकदा मामाला ताप आला आणि दवाखान्यात ठेवलं. त्या शनिवारी ताई आमच्याकडे आल्या, ताटासमोर बसल्या आणि बराच वेळ हात पुढे केला नाही. आई त्यांच्या शेजारी बसली. "बाई, मी पहिला घास घेऊ काय?" म्हणाली, आणि त्यांच्याच ताटातून एक घास घेतला. मग ताई जेवल्या.

शेवटी एका सोमवारी काट्यानं एकोणसत्तर दाखवलं. आई ओरडली. नुकतीच यायला लागलेली पोरंही ओरडली. ताई काट्यावर उभ्याच राहिल्या, जणू खाली उतरलं तर आकडा परत चढेल.

त्या नवऱ्यासोबत मामाला घेऊन नागपूरला गेल्या. गावातल्या बायांनी खण-नारळानं ओटी भरली. मोटारीपर्यंत पोहोचवायला अर्धं गाव आलं. आजीही आल्या आणि त्यांनी ताईंच्या पदराच्या टोकाला अंगारा बांधला.

पाचव्या दिवशी ते तसेच परत आले.

ताईंचं सगळं ठीक होतं. डॉक्टरांनी त्यांचं कौतुक केलं. पण मामा आता ऑपरेशन सोसेल असा राहिला नव्हता. तापानं तो फार उतरला होता, अंगात मांस उरलं नव्हतं, हृदयही थकलेलं. डॉक्टर म्हणाले, आधी याला उभा करा. याचं वजन वाढवा, ताकद येऊ द्या. तोपर्यंत तुम्ही आहात त्या वजनावर राहा. मग तारीख देऊ. ताईंनी विचारलं होतं, किती दिवस? डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

आई मला म्हणाली की हे सांगताना ताई रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. फक्त एवढं म्हणाल्या, "माहं कमी व्हाले एवढा वेळ लागला, शांताबाई, का त्याचं सरून गेलं."

त्यांनी मामाला वडनेरला जाऊ दिलं नाही. आमच्या गावाहून बुलढाणा जवळ, डायलिसिसला नेणं-आणणं सोपं, म्हणून त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. डॉक्टरांनी त्याला अंड्याचा पांढरा भाग द्यायला सांगितला होता. आजींच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. मला वाटलं, आता पुन्हा भांडण होणार. पण आजींनीच अंगणात वेगळी चूल मांडून दिली. म्हणाल्या, "मले वास नोको येऊ देजो, बस." ताईंना अंडं उकडता येत नव्हतं. आईनं शिकवलं. पहिल्या दिवशी त्यांनी ते इतकं उकडलं की मामा म्हणाला, "ताये, हे अंडं हाय का बेअरिंग?"

त्या उन्हाळ्यात माझा बी.ए.चा निकाल लागला आणि अमरावतीला एम.ए.ला प्रवेश मिळाला. मी फोन करते तेव्हा आईला पहिलं तेच विचारते. अजून तारीख मिळालेली नाही. मामा कधी बरा असतो, कधी नसतो. ताईंचं वजन आहे तिथेच आहे, आता ते तिथेच राहायला हवं आहे. मंगळवारी त्या अजून आमच्या घरी जेवतात.

मी गाव सोडलं त्या दिवशी पहिली एसटी पकडायची होती. नुकतं उजाडलं होतं. आई स्टँडवर रडली, मी खिडकीशी बसले, आणि गाडी डोंगराच्या वळणाला लागली. त्या चढावर मला ते दोघं दिसले. मामाला डॉक्टरांनी थोडं-थोडं चालायला सांगितलं होतं. तो रस्त्याच्या कडेनं अगदी हळू चालत होता, प्रत्येक पावलाला थांबल्यासारखा. त्याच्या चालीनं चाललं असतं तर ताईंचा व्यायाम झाला नसता, आणि स्वतःच्या चालीनं गेल्या असत्या तर तो मागे एकटा पडला असता. म्हणून त्या झपाझप चढ चढून पुढे जात होत्या, वळत होत्या, तितक्याच वेगानं त्याच्यापर्यंत परत येत होत्या, त्याला काहीतरी बोलून पुन्हा चढाला लागत होत्या. एका चढाचे त्यांनी किती चढ केले असतील देव जाणे. गाडी त्यांच्या बाजूनं गेली तेव्हा मी हात हलवला. मामानं वर बघून हात केला. ताईंनी मला बघितलं नाही. गाडी वळायच्या आधी मी मागे वळून पाहिलं, तेव्हा त्या त्याच्याकडे येत होत्या.